गोदीची झडती

सोजराबाईला राग आला की ती बोलत नसे, हळद मोडत असे. गड्ड्याला चिकटलेली हळकुंडं अशी काटकन मोडायची की शेजारची बाई आपोआप सरकून बसायची.

डोंगरकडा गावात आबारावांच्या खळ्यावर माघापासून चैतापर्यंत हळदीचं काम चाले. कुठं काहिलीत हळद शिजतेय, कुठं उन्हात पसरलीय, आणि पत्र्याच्या मांडवाखाली बाया रांगेनं बसून मुळ्या खुडून राहिल्यात, असा सगळा पिवळा पसारा. मजुरी डब्यावर. जिनं जेवढे डबे भरले, तिला तेवढे पैसे. दुपारची भाकर झाली की मात्र सोजराबाई हळद बाजूला सारायची, पदराला हात पुसायची आणि पुस्तक उघडायची.

तिचा बाप जळबा. दीक्षा घेऊन आला तेव्हा त्यानं घरातले देव नदीत सोडले आणि त्या कोनाड्यात पाटी ठेवली. पोरगी तोवर सासरी गेलेली. पण सासरच्या वस्तीतही विहारात संध्याकाळी शिकवणी सुरू झाली, आणि कडेवर लेकरू घेऊन सोजरा अक्षरं गिरवायला बसली. पहिल्यांदा वंदना वाचली. मग दुकानाच्या पाट्या, मग गुळाच्या पुडीचा कागद. मग कळमनुरीच्या बाजारात युसूफभाईच्या सायकलच्या दुकानात दोरीला टांगलेल्या कादंबऱ्या दिसल्या. युसूफभाई सायकली भाड्यानं द्यायचा, रेडिओ दुरुस्त करायचा आणि पुस्तकंही भाड्यानं द्यायचा. त्यातलं एक तिनं उचललं, आणि त्यात तिला दिगंबर चौबळ भेटला.

चौबळ म्हणजे कादंबरीतला हेर. काखेत छत्री, दाढेखाली सुपारी. कधी धावायचा नाही, कधी ओरडायचा नाही. खून वाड्याच्या दिवाणखान्यात व्हायचा, पण चौबळ जाऊन बसायचा सैपाकघरात. पाणक्याला विचार, दळणाऱ्या बाईला विचार, गोठ्यातल्या गड्याला विचार. ते काय बोलले ते लिहिणाऱ्यानं पान पान भरून लिहिलेलं असायचं. सोजराबाईला ते फार पटायचं. "ह्या माणसाला दुनिया ठावी हाय," ती म्हणायची. "घरात काय शिजतंय ते शिजवणाऱ्यालाच इचारावं."

खळ्यावर वाचायला लागली तेव्हा एका ऐन मोक्याच्या जागी तिनं पुस्तक मिटलं होतं. म्हणाली, "म्या वाचत बसले तर माव्हा डबा कोण भरंल?"

फातिमाबी तिच्या समोरच बसायची. तिनं आपल्या ढिगातली ओंजळभर हळद उचलून सोजराच्या ढिगावर टाकली. "ले, ये मेरा. आता पढ. ती म्हातारी जिंदी हाय का मेली?"

मग जनकाबाईनं टाकली. मग सगळ्यांनी. तेव्हापासून रोजची रीत झाली. वाचन संपलं की प्रत्येक बाई एक पसा सोजराच्या ढिगावर टाकायची. त्याला नावच पडलं, वाचणारणीचा पसा. कुणी उपकार केल्यासारखं टाकत नव्हतं आणि सोजराही मान वाकवून घेत नव्हती. तिनं घसा कोरडा केलेला असे, त्याची ती मजुरी.

युसूफभाई पुस्तक परत घेताना हसायचा. "सोजराबाई, तुमच्या हातून आलेलं पुस्तक बघून गिऱ्हाईक इचारतात, ह्या कादंबरीला कावीळ झाली का?"

पानापानावर पिवळी बोटं उमटलेली असायची.

एका साली गोदीची कादंबरी चालू होती. एका रावबहादुराची म्हातारी आई गळा दाबून मारली जाते आणि तिचा हार नाहीसा होतो. घरात मोलकरीण गोदी. सगळ्यांचा डोळा तिच्यावर. एका अख्ख्या प्रकरणात गोदीची झडती घेतात. तिची पेटी उलथी करतात, लुगडं झाडायला लावतात, मडक्यातलं पीठ ओततात. काहीच निघत नाही. चौबळ दारात उभा राहून ते बघतो आणि त्याला त्या घराची शरम वाटते. हे प्रकरण बायांनी सोजराला पुन्हा वाचायला लावलं होतं. आणि पुन्हा. जनकाबाई तर म्हणाली होती, "पीठ सांडल्यालं वाच गं, तेवढंच वाच."

सोजरानं शेवट आधीच घरी वाचलेला होता. खुनी रावबहादुराचा पुतण्या. पण बायांना तिनं सांगितलं नव्हतं. ऐकवत ऐकवत न्यायचं, त्यातच मजा होती.

अन् मधीच आबारावांनी रेडिओ आणला.

नांदेडहून आणला, चामड्याच्या घरात घातलेला. मांडवामागच्या भिंतीत कोनाडा होता, त्यात ठेवला. पुस्तक वाचताना मोक्याच्या जागी बायांचे हात थांबतात, रेडिओ ऐकताना थांबत नाहीत, असा त्यांचा हिशोब. अन् नशीब असं की दर गुरुवारी तिसऱ्या पारी रेडिओवर एक नाटक सुरू झालं. रेडिओतली बाई नाजूक आवाजात म्हणाली, हेर चौबळ यांच्या गाजलेल्या कादंबऱ्यांवर आधारित.

सोजराबाई खूश झाली. खोटं कशाला सांगा! "आपला चौबळ!" म्हणत ती सगळ्यात पुढं जाऊन बसली.

अन् चौबळ ओरडला, "खबरदार, जागचे हलाल तर!"

"आँ?" सोजरा म्हणाली. "हा कोण?"

"चौबळच की," जनकाबाई म्हणाली.

"चौबळ असा न्हाई वरडत. हा तर तहसीलदारावानी वरडून राहिला. छत्री कुटं हाय त्याची?"

"रेडिओत छत्री कशी दिसंल गं?"

"पिस्तूल वाजलेलं आयकू येतं, मंग छत्री उघडल्याली काहून आयकू येत न्हाई?"

बाया हसल्या. तेव्हा सोजराही हसली. पुढच्या गुरुवारी हसली नाही. गोष्ट गोदीचीच होती, पण कुणीतरी तिचा पार चोथा केलेला. सैपाकघर गायब. पाणक्या गायब. पुतण्या, जो खरा खुनी, तो चौबळाचा कॉलेजातला जिवलग दोस्त झालेला. अन् गोदी आली की मागं असं चोरट्या पावलांचं वाजंत्री वाजायचं की आंधळ्यालाही कळावं, हीच ती.

पण सोजराला खरी आग लागली ती वेगळ्याच गोष्टीनं.

"आयकलं का तुमी?" ती म्हणाली. "रावबहादूर छापील बोलतो. पुतण्या छापील बोलतो. चौबळ छापील. समदे पुण्याचे. अन् गोदी तेवढी 'काहून' म्हणती, 'न्हाई जी' म्हणती. चोरटी तेवढीच आपल्या मुलखाची काहून?"

"मोलकरीण हाय ना ती, मंग कशी बोलंल?"

"पुस्तकात चौबळाची माय बी आपल्यावानीच बोलती! ती कुटं गेली? तिला काहून न्हाई आणली रेडिओत?"

हळद खुडायचा आवाज तेवढा येत राहिला.

झडतीचं प्रकरण रेडिओनं एका वाक्यात उडवलं. चौबळ म्हणाला, तिच्या गाठोड्यात हार सापडला. झालं. पेटी नाही, पीठ नाही, कुणाला शरम नाही. शेवटच्या गुरुवारी गोदीनं रडत ओरडत कबुली दिली आणि तिला फाशी झाली. पुतण्यानं चौबळाला चहा पाजला.

"खोटं हाय हे!" सोजरा उठून उभी राहिली. "गोदीनं न्हाई मारलं. पुस्तकात लिव्हलंय."

"तू वाचलंस का फुडचं? आमच्या आधी?" जनकाबाईनं विचारलं.

"वाचलं. पुतण्यानं मारलं."

जनकाबाईनं थोडा विचार केला. "पुस्तक तर कुणीबी छापतं, सोजरे. रेडिओ सरकारचा हाय. सरकार कशाला खोटं बोलंल?"

अन् त्या दिवशी पसा पडला नाही. वाचलंच नव्हतं तर कशाचा पसा, हेही बराबर. पण शुक्रवारी सोजरा पुस्तक घेऊन बसली तेव्हा एक बाई म्हणाली, "गोष्ट तर संपली ना माय, आता काय वाचती?" बाकीच्या हळद खुडत राहिल्या. फातिमाबी एकटी सरकून पुढं आली. सोजरानं पुस्तक मिटलं.

बाया पाण्याला विहिरीवर गेल्या तशी ती कोनाड्यापाशी गेली आणि तिनं त्या खोक्याचा कान धरून पिळला. काटा सरकत सरकत टोकाला गेला. तरी ती पिळत राहिली. आत कुठंतरी टक् झालं. मग ती आपल्या जागी येऊन बसली आणि हळद मोडू लागली.

शनिवारी सकाळी कोनाडा रिकामा.

आबाराव पहाटेच हिंगोलीला लग्नाला गेलेले. खळ्याचा कारभार ग्यानबा मुनीमाकडं. त्यानं कोनाडा बघितला, पांढऱ्या चुन्यावर उमटलेली पिवळी बोटं बघितली, आणि संध्याकाळी बाया घरी निघाल्या तशी फाटकाला कडी घातली.

"झडती हुईल," तो म्हणाला.

"कशाची?" फातिमाबीनं विचारलं.

"रेडिओ चोरीला गेला. भाईरचं कोण येतंय हितं? घरात वावरणारी बाईच असती. परवाच आयकलं न्हवं तुमी सगळ्यांनी? का त्या टायमाला झोपल्या व्हत्या?"

गोणपाटाचा आडोसा केला. आबारावांच्या घरची सैपाकीण अनुसयाबाई झडतीला उभी केली. ती बिचारी खाली मान घालून एकेकीचा पदर झाडू लागली. भाकरीची फडकी सोडली. मुनीम आडोशाबाहेरून सांगत होता, "आंबाडा बी सोडायला लाव."

"आंबाड्यात रेडिओ मावतो का, मुनीमजी?" सोजरानं विचारलं.

बाया हसल्या.

"तुव्ह्या आंबाड्यात काय काय मावतं ते गावाला ठावं हाय," मुनीम म्हणाला.

हसू तिथंच मेलं. एकेक बाई आंबाडा सोडून, केस मोकळे सोडून आडोशातून बाहेर येत होती आणि दुसरीकडं बघत नव्हती. फातिमाबी तेवढी पुटपुटत होती, "अल्ला देखून राहिला रे, देखून राहिला."

"कोनाड्यात पिवळी बोटं कुणाची?" मुनीमानं विचारलं. "ज्याची असतील त्यानं बोलावं."

मनगटापर्यंत पिवळे हात सगळ्यांचेच. सगळ्यांनी आपापले हात लुगड्यात लपवले. अन् जनकाबाई खालच्या आवाजात म्हणाली, "सोजरीनं काल हात लावला व्हता. म्या घागर ठिवायला आले तवा दिसलं."

सोजरानं तिच्याकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "लावला. कान पिळला त्याचा. चोरला न्हाई."

"मंग कुणी चोरला?"

"पुतण्याला इचारा मालकाच्या!"

हे ती कशावरून बोलली? कशावरूनही नाही. नरसिंग, आबारावांचा पुतण्या, फटफटी घेऊन हिंगोलीला सिनेमे बघत हिंडायचा, एवढंच तिला ठाऊक. पण पुस्तकात पुतण्या होता, इथंही पुतण्या होता, आणि रागाला तेवढं पुरे झालं. नरसिंग फाटकाजवळच उभा होता. त्याचं तोंड लालबुंद झालं. मुनीम म्हणाला, "आता तुव्हं घरच बघावं लागंल."

घर बघितलं. मुनीम आणि दोन गडी. तिचा नवरा मुंजाजी खडीच्या कामावरून नुकताच आला होता, तो दारात उभा राहून "अहो मुनीमजी, अहो मुनीमजी" एवढंच म्हणत राहिला. पेटी उलथी केली. गोधड्या झटकल्या. गोदीची कादंबरी चुलीपाशी जाऊन पडली. आणि एका गड्यानं मडकं उचलून जोंधळ्याचं पीठ जमिनीवर ओतलं.

सोजराला वाटलं, आता दारात बघावं. छत्री घेतलेला एक माणूस तिथं उभा असंल, त्याला शरम वाटत असंल. दारात शेजारपाजारची गर्दी होती. बाया होत्या. जनकाबाई पण होती. सगळ्या मान उंच करून बघत होत्या, काय निघतं ते.

काही निघालं नाही.

रविवारी दुपारी युसूफभाई सायकलवर आला. मागच्या कॅरियरला दोरीनं बांधलेला रेडिओ. खळ्यात शिरून त्यानं तो सोडला आणि म्हणाला, "मालकांनी शनिवारी सकाळी जाता जाता दुकानात टाकला व्हता. काट्याची दोरी तुटली व्हती आतली. कुणीतरी लईच जोर केला बुवा."

युसूफभाईनं सगळ्यांची तोंडं बघितली. "काय झालं? कुणी मयत झालं का?"

म्हणजे चोरीच झालेली नव्हती. रेडिओतल्यासारखी नाही आणि पुस्तकातल्यासारखी पण नाही. मालकाची वाट बघावी एवढंही कुणाच्या डोक्यात आलं नाही. सोजरानं हे ऐकलं तेव्हा तिला हायसं वाटलं असं कुणी समजू नये. तिला आणखी राग आला. चोर असता तर त्याच्या नावानं थुंकता आलं असतं.

आबाराव संध्याकाळी आले. मुनीमानं सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले.

"अरे, मी सांगायचंच इसरलो! ग्यानबा, तू बी येडाच. बरं, झालं गेलं सोडा. सोजरा, दोरी तू तोडली, ते म्या सोडलं. तुव्हं पीठ सांडलं, ते तू सोड. फिटंफाट."

"मुनीमाची झडती व्हऊ द्या," सोजरा म्हणाली.

"काय?"

"समद्या बायांसमूर. तेवढी व्हऊ द्या, मंग फिटंफाट."

"कशासाठी? त्यानं काय चोरलं?"

"आमी काय चोरलं व्हतं?"

आबारावांना अजून गंमतच वाटत होती. "आन् मव्ह्या पुतण्याचं नाव घेतलंस, त्याचं काय?"

"चुकलं," सोजरा म्हणाली. "पुस्तकावर इसंबून बोलले. नरसिंग मालकांनी चोरलं न्हाई. पर म्या नाव घेऊन बी त्यायच्या घरातलं पीठ कुणी सांडलं न्हाई. मव्हं नाव घेतलं की सांडलं. म्हून मुनीमाची झडती."

मागून फातिमाबी म्हणाली, "बराबर हाय." मग आणखी एकदोघी म्हणाल्या. आबारावांनी बघितलं, हळद तशीच पडलीय, बाया उभ्या आहेत. "दाखव रे ग्यानबा. समाधान करून टाक त्यायचं."

मुनीम हसत पुढं आला. टोपी काढून झाडली. सदऱ्याचे खिसे उलटे केले, त्यातून तंबाखूची चंची आणि मोडका कंगवा पडला. "झालं?" तो हसत म्हणाला.

"कनवटीला?" सोजरानं विचारलं.

त्यानं धोतराची कनवट सोडली. एका हातानं धोतर धरून, दुसऱ्या हातानं झाडून दाखवलं. काही पडलं नाही. अनुसयाबाई बघत होती, गडी बघत होते, बाया बघत होत्या, आणि धोतर सावरता सावरता त्याचं हसू कुठंतरी गळून गेलं. कान तांबडे झाले. तो खाली वाकून चंची उचलू लागला तर ती त्याला लवकर घावेना.

"काय निघालं न्हाई," सोजरा बायांकडं वळून म्हणाली. "आपल्यातून बी निघालं नव्हतं. तोंड बघून घ्या त्यायचं. आपलं असंच झालं व्हतं."

आबाराव आता हसत नव्हते. "पुस्तक बंद," ते म्हणाले. "मव्ह्या खळ्यावर उद्यापासून पुस्तक दिसलं न्हाई पायजे. रेडिओ आयकायचा अन् काम करायचं. पटत नसंल तिनं यायचं न्हाई."

सोजराला पटलं नाही. सोमवारी ती आणि फातिमाबी कळमनुरीच्या वाटेवर मोहियोद्दीन बागवानाच्या खळ्यावर गेल्या. तिथं मांडव नव्हता, डोक्यावर ऊन होतं, आणि बाया ओळखीच्या नव्हत्या. जनकाबाई आली नाही. आबारावांच्या घरची भांडीधुणी तिच्याकडं होती. विहिरीवर भेट झाली तर दोघी आपापली घागर भरून वाटेला लागत.

चैत उतरला, हळदीचं काम संपलं. एका दुपारी सोजरा दारात शेंगा फोडत बसलेली असताना जनकाबाई आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"रेडिओवर नवं चालू झालंय," ती म्हणाली. "त्यात बी मोलकरणीनंच केलं असणार. पयल्या दिसापासनं वाजंत्री वाजून राहिलं तिच्यामागं."

सोजरानं शेंग फोडली.

"गोदीचं खरं काय झालं गं? पुस्तकात?"

"तुला तर ठावं हाय. फाशी झाली. सरकार कशाला खोटं बोलंल!"

जनकाबाईनं मान खाली घातली. मग पदराची गाठ सोडली. गाठीत हळद होती, वाळलेली, मुळ्या खुडलेली, एक पसाभर. ती तिनं उंबऱ्यावर ठेवली. सोजरानं हळद बघितली. मजुरी होती ती. मजुरीला नाही म्हणायचं कारण नव्हतं.

ती आत गेली. पुस्तक घेऊन आली. युसूफभाईला ते परत दिलंच नव्हतं. चुलीपाशी पडल्यानं त्याचं एक टोक करपलं होतं, आणि पीठ अजून पानापानांत होतं.

"हात धू आधी. मंग बस."

जनकाबाई हात धुऊन आली, बसली. सोजरानं पानं उलटली. शेवट जवळ आला तसं जनकाबाई पुढं सरकली. पण सोजराचं बोट शेवटावर थांबलं नाही, मागं मागं जात राहिलं आणि एका पार पिवळ्या पडलेल्या पानावर येऊन टेकलं.

"हे न्हवं," जनकाबाई म्हणाली. "हे तर आयकलंय. शेवट वाच."

"शेवट मंग," सोजरा म्हणाली. "आधी झडती आयक. अन् खाली बघू नको, मव्ह्याकडं बघ."

अन् तिनं गोदीचं पीठ सांडल्याचं पान मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.